द्विवचन

पहिल्या दिवशी आम्ही सात जण होतो.
इतिहास विभागामागची खोली, पंख्याला दोनच पाती,
फळ्यावर निर्मळ सरांनी काढलेली चोवीस अक्षरं.
काही ओळखीची निघाली:
दहावीच्या त्रिकोणमितीतला थीटा,
वर्तुळाच्या गणितात दरवेळी चुकलेला पाय.
“म्हणजे तुम्ही थोडं शिकूनच आलात,” सर म्हणाले
आणि बोटांवरचा खडू फुंकून टाकला.

शांतवन निर्मळ, मूळचे जालन्याचे.
पाद्री व्हायला गेले होते, झाले नाहीत.
मोडलेल्या सोयरिकीतून एखादं पितळी भांडं
तेवढं कुणी परत आणावं,
तशी ही भाषा घेऊन आले.

दिवाळीनंतर चार.
सोपानला तलाठी भरतीचा क्लास लागला,
एकीचं लग्न ठरलं, ती पेढे देऊन गेली.
लॅटिनच्या विभक्त्या सुरू झाल्या तेव्हा
उरलो मुनव्वर आणि मी.
मुनव्वर परळीचा. त्याच्या वहीत घरूनच
औष्णिक केंद्राची राख येते.
केंद्र म्हणजे पराणी, सरांनी सांगितलं,
बैलाच्या पुठ्ठ्यात टोचायची अणी,
मग कंपासचं टोक, मग मधोमध.
मुनव्वरनं राख झटकली आणि लिहून घेतलं.

त्याच दुपारी सरांनी द्विवचन काढलं.
“एक नाही, अनेक नाही. नेमके दोन.
डोळे, हात, जुंपलेली जोडी.
आपण मराठीत ते केव्हाच सोडलं,
त्यांनीही पुढं सोडलंच.
तुम्ही दोघं आहात तोवर उरकून घेऊ.”

शनिवारी मी तेरला निघते.
दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लिहिणाऱ्या कुणा खलाशानं
माझ्या गावाचं नाव टिपून ठेवलंय: तगर.
इथलं कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं,
म्हणतो, वाट नसलेल्या मुलखातून.
हे वाचत होते तेव्हा धाराशिवच्या पुढं
एसटी अशी आदळली
की स्वराघाताची खूण माझ्या पेनातून उडून
भलत्याच अक्षरावर बसली.
खलाशीबुवा, मुलूख अजून तोच आहे.

अण्णा ओट्यावर तंबाखू मळत.
तीस वर्षं लोकांच्या विहिरी फोडल्या,
डावा कान कुठल्याशा काळ्या खडकापाशी राहिला.
मी नेहमी उजवीकडे बसते.
“काय शिकवायलेत आता?”
म्हटलं, सुरुंग.
हा शब्द त्यांचा आहे म्हणतात, अण्णा.
आधी पावा, मग कसलीही नळी,
मग जमिनीच्या पोटातली वाट.
“पावा?”
मळायचं थांबलं.
“पावा,” पुन्हा म्हणाले, स्वतःशीच,
आणि तळहातावरच्या जुन्या भाजल्या डागाकडं
कुणी नवाच माणूस भेटावा तसं बघत राहिले.
“त्यांच्या हिरीला तरी पानी लागायचं का?”
ते मला सांगता आलं नाही.
तेवढं अभ्यासक्रमात नाही.

रात्री वही उघडली. डोळे, हात लिहून झाले,
कान लिहिताना पेन थांबलं.

मग उगाच सांगून टाकलं
की जूनपासून वर्ग बंद होणार.
किमान तीन नावं लागतात यादीत,
तसं पत्रच आलंय, सरांनी ते
शब्दकोशात खूण म्हणून घातलंय.

अण्णा बराच वेळ गप्प.
वाटलं, ऐकूच गेलं नाही, चुकीच्या बाजूला बसले की काय.
“माजं घाल की,” ते म्हणाले.
मी हसले. ते हसले नाहीत.
“नववी पास हाय म्हनावं. आन् एक कान हाय.”
आणि कोनाड्यात चाचपडू लागले,
चष्म्यासाठी.