वर नऊ मीटर

विद्यापीठाच्या मैदानावर, सकाळी सव्वासहाला,
प्रणोतीनं माझं वय, माझं वजन, माझं पुरुष असणं
वहीच्या एका ओळीत बसवलं.
सदुसष्ट. चौसष्ट किलो. एक.
"चार फेऱ्या, आज्जा, आणि वर नऊ मीटर.
पळायचं न्हाई. रमतगमतबी न्हाई."

नऊ कशाचे, विचारलं.
मैल भरायला, म्हणाली.
हे पटलं मला.
अड्ड्यावर रवा काट्याला लागला
की वर एक खडा ठेवायचाच कुणीतरी.

पहिली फेरी बोलण्यात गेली.
बोलणारा मी एकटाच.
झाडीतला मोर मधेच ओरडला, तेवढंच.

दुसरीत लक्षात आलं, हातांना काम नाही.
चाळीस हंगाम बावड्याच्या गुऱ्हाळात
फावडं सोडलं नव्हतं ह्यांनी.
आता नुसतेच मागं-पुढं,
परक्याच्या लग्नात आल्यासारखे.

तिसरीत चुलवाण पेटलं बरगडीखाली.
दस्तगीर जळव्या चिपाड जास्त सारायचा
तेव्हा काहील अशीच फसफसायची,
आणि मी भेंडीचं पाणी शिंपडत शिव्या द्यायचो.
इथं शिव्या कुणाला देणार.

चौथी आठवत नाही.
नऊ मीटर आठवतात. लांब होते.

"सोळा मिनिटं बेचाळीस! थांबू नका,
दोन बोटं मनगटावर. पंधरा सेकंद मोजा."
ठेवली.
काहीच नाही.
जरा सरकवली. दाबली.
नाहीच.

ह्याच दोन बोटांनी उकळता पाक उचलून
पाण्यात बुडवायचो, गोळी वळायचो,
आणि ओरडायचो, उतरा!
आठ माणसं माझ्या एका शब्दावर
काहील वाफ्याकडं न्यायची.
पापणी लवेल एवढा उशीर झाला तर गूळ काळा,
तेवढीच घाई झाली तर चिकट.
घड्याळ कुणाकडं होतं?
बोटांची कातडी त्यातच कधीतरी गेली.
जागी आलं ते चामडं
माझंच रक्त ओळखत नाही.

प्रणोतीनं हात ओढून घेतला.
ओठ हलले तिचे. तीस.
"चोक एकशेवीस," म्हणाली,
आणि भागाकार, वजाबाकी, काय काय करून
कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं: एकोणतीस.

"हे काय?"
"तुमचं काळीज मिनिटाला किती हवा पुरवतंय
त्याचा अंदाज."
"चूक किती धरायची?"
"पाच वर, पाच खाली."
हसलो. एवढ्या चुकीत
मालकानं मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

वयनातून पाणी दिलं तिनं, कोमट.
तीस म्हातारे पाहिजेत म्हणाली तिच्या अभ्यासाला,
मी अकरावा.
"दस्तगीरला आणतो उद्या.
चाळीस वर्षं धूर खाल्लाय त्यानं.
त्याला ते वरचे नऊ तेवढे माफ कर."

"न्हाई माफ करता येत, आज्जा," म्हणाली,
वही मिटता मिटता.
"मग मैल भरत न्हाई."