टेबल नंबर चार

उद्यमनगरात जिथं आमचं शेड होतं
तिथं आता हॉटेल रानमोती.
खाली परमिट रूम, वर फॅमिली.
दारातले केळीचे खुंट अजून हिरवे,
उद्घाटनाच्या फ्लेक्सवर सत्तावीस शुभेच्छुक,
सगळे गॉगल लावून.

बाबालाल म्हणाला, एकदा बघून तरी येऊ.
बुधवार धरला.
रविवारच्या गर्दीत रस्सा लांबवतात.

आत निळे दिवे, भिंतीला खोटा दगड.
मी वर बघितलं.
पत्र्याला काळा रंग दिलाय, पण कैच्या त्याच,
आणि सातव्या कैचीवरचं वेल्डिंगचं ठिगळ
माझ्याच हातचं. वाकडं आलं होतं तेव्हाही.

"चार नंबर पे बैठिये काका."
पोरगं ओडिशाचं, बिस्वजीत,
शर्टावर रानमोती, पायात स्वतःच्या चपला.
चार नंबर म्हणजे माझा लेथ.
एकतीस वर्षं मी इथं उभा होतो.
बसलो आज पहिल्यांदा.

टेबल डुगडुगत होतं.
पोरगं कागदाची घडी घेऊन वाकलं,
म्हटलं, थांब. खोट टेबलात नाही.
कूलंटचं पाणी त्या कोपऱ्याकडं जायचं,
गवंड्यानं नवी फरशी घातली
ती जुन्याच उतारावर.
जरा फिरव. अजून. हां.
टेबल गप्प झालं.
काउंटरवरच्या मालकीणबाई, उर्मिला सासने,
नोटा मोजायच्या थांबून बघत राहिल्या.

माझी नाइंटी, बाबालालचं लिंबू-सोडा.
हा कधीच घेत नाही, पण चकणा सगळा याचा,
चाळीस वर्षं असंच चाललंय,
त्यातली तीस नऊ बोटांनी.
दहावं इथंच गेलं, मिलिंगवर.
त्यावर आम्ही बोलत नाही.
आज एवढंच म्हणाला,
"आईस्क्रीमचा फ्रीज ठेवलाय बघ तिथं."

पांढरा आला. त्यानं आधी वास घेतला.
काजू उदंड, हाडाचा अर्क बेताचा,
पाहुण्यांसाठी केलेला पांढरा.
तांबडा मात्र घरचा.
कानामागं घाम फुटला, मग नाक वाहायला लागलं,
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
वर कट असा तरंगत होता
जसं कूलंटवर ऑईल.
हे मी मोठ्यानं म्हटलं नाही.

सुक्कं चिवट. मीठ अजून सेटिंगला यायचंय.
पण भाकरी! हातावरची, पदर सुटलेली,
फुंकर मारत मोडावी लागली.
"करतंय कोण भाकरी?" असं विचारलं
तर पडद्यामागनं पिठाचा हात आला,
आणि हातामागनं द्वारका.
पॅकिंगची द्वारका, बोल्टचे डबे भरायची,
शंभराचा डबा, नव्व्याण्णव कधी निघाले नाहीत.
"तुमच्या दोघांच्या सात झाल्या," म्हणाली,
"आठवी टाकू, का पुरे?"
टाक म्हटलं. पोट नको म्हणत होतं.

बिल एक हजार चाळीस.
शेडच्या मालकाकडं अजून तीन महिन्यांचा पगार येणं आहे,
त्याचा उर्मिलाबाईंशी काय संबंध?
त्यांनी वरचे चाळीस सोडले.
म्हणाल्या, टेबल नीट केलंत.
मी तरी दिले. मग वाटलं, घ्यायला हवे होते.

बेसिनला हिरवा साबण,
भिंतीला गरम हवेचं यंत्र.
आम्ही हात धुवायचो रॉकेलनं आणि लाकडाच्या भुशानं.
बाबालालनं हात धरला, यंत्र चालू होईना.
"एक कमी पडतंय वाटतं," तो म्हणाला
आणि असा हसला
की बिस्वजीतही हसला, न समजता.

घरी आलो तर शर्टाच्या खिशाखाली डाग.
तिथंच, जिथं रोज पडायचा.
सुमन शर्ट उजेडात धरून म्हणाली,
"पुन्हा कामाला लागलात काय?"

शुक्रवारी परत जायचं ठरलंय.
सुक्कं नको म्हणून सांगायचं.
आणि द्वारकेला विचारायचं राहिलंय,
तुला तरी मिळाला का?