पन्नास आणि साठ

ओसाका सोडताना कुरेमात्सुंनी सामान कमी केलं.
दोन कपाटं पुतण्याला दिली,
तोकिएचं शिवणयंत्र शेजारणीला.
कर्ण्याचे स्पीकर मात्र ट्रकमधून आणले
रजयांत गुंडाळून,
आजाऱ्याला दवाखान्यात न्यावं तसे.

सेंदाईतल्या पहिल्याच रात्री कळलं,
घरघर बदललीय.

तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते,
इकडची पन्नास.
देश एक, भात एक,
पण मध्ये एक नदी लागते
आणि तिथे विजेची बोली बदलते.
आपल्या कानांना सांगायचं तर
कोमल गंधारावर बसलेली घुंई
षड्जावर उतरली होती.
ते कुशीवर वळले. सूर तोच खाली, खाली.
चाळीस वर्षं वरच्या सुरावर झोपलेला माणूस.

होशिकावाचं दुकान स्टेशनामागे, तळघरात.
वय एकोणतीस, नखांत सोल्डरचं काळं.
"घुंई न करणारा ॲम्प्लिफायर आहे?"
"आधी घरी जा," होशिकावा म्हणाला.
"आवाजाची खुंटी शून्यावर पिळा.
तरीही उरली, तर रोग यंत्राच्या पोटात.
खुंटीबरोबर वाढली, तर पाहुणी आहे,
मागच्या कुठल्या तरी तारेतून आलेली.
मग या."

गेले. तीन दिवसांनी आले,
टोपीवर बर्फ.
"शून्यावरही आहे."

दर्शनी फळीवर दोनशे वॉटचा एक होता,
निळे काटे, पितळी खुंट्या,
डौल असा की नवरदेवच बसलाय पाटावर.
कुरेमात्सुंचा हात तिकडे गेला.
"तुमचे कर्णे एका वॉटवर गल्ली उठवतात," होशिकावा म्हणाला,
"हा घेतलात तर
कुजबुज ऐकायला ताशा लावल्यासारखं होईल.
त्याचा श्वाससुद्धा तुम्हाला ऐकू येईल."
मग खालच्या खणातून काढला
बारा वॉटचा, करडा,
बिस्किटांच्या डब्याइतका अनाकर्षक.
जोडला. काहीच वाजवलं नाही.
कुरेमात्सुंनी दुकानातल्या कर्ण्यात
कानासकट अर्धं डोकं घातलं.
"चालू केलाय ना?"
"दिवा बघा."

दिवा लागलेला होता.

घरी त्यांनी जुनी कॅसेट लावली.
तोकिए शामिसेन वाजवते आहे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून.
इतके दिवस घराची पन्नास
आणि कॅसेटमधली कसलीशी घरघर
एकमेकींत अडकून थरथरायच्या,
झाकण नीट न बसलेल्या पातेल्यासारख्या.
आता घर गप्प होतं.
सळसळ तेवढी होती, टेपची स्वतःची,
आणि तिच्या तळाशी
साठ.

ओसाकाची वीज.
तो हिरवा फ्रिज, ज्याला लाथ मारल्याशिवाय
दार लागत नसे.
तोकिए दोनदा चुकली, तिसऱ्यांदा थांबली,
म्हणाली, "अहो, मासा बघा, जळतोय."
आणि कुणीतरी उठलं. सपाता घासत गेलं.
कुरेमात्सु ऐकत राहिले
आपल्याच सपाता, पस्तीस वर्षांच्या माणसाच्या,
डावीकडच्या कर्ण्यातून उजवीकडे जाताना.
मासा जळला होता का?
आठवेना.
कॅसेटलाही माहीत नव्हतं, बाजू तिथेच संपते.

सकाळी दुकानात फोन.
"घरघर आहे अजून."
होशिकावा हबकला. "मी आज येतो, ट्रान्सफॉर्मर बदलून देतो."
"तुमच्या यंत्राची नाही ती.
साठची आहे."

होशिकावा सेंदाईत जन्मला, सेंदाईतच शिकला.
साठवर तो एक रात्रही झोपलेला नाही.
बराच वेळ बोलला नाही.
मग, किंमत विचारावी तसं,
"ऐकायला येऊ?"

"या," कुरेमात्सु म्हणाले,
"पण जाड मोजे घालून या.
इथली जमीन कुरकुरते."