हातचा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली.
डावीकडे लाडा, निळी-पांढरी,
माझ्याहून चार वर्षांनी थोरली.
उजवीकडे ती चिनी गाडी, जिचं नाव
अबायेंच्या तोंडात बसत नाही.
ते तिला नुसती ‘मुकी’ म्हणतात.

पेट्रोल: महिना एकोणतीस हजार बिर.
अबाये म्हणाले, तीस लिही,
एन्टोटोच्या चढाला ती जास्त पिते.
मी एकोणतीसच लिहिलं.
पतपेढीत बसते मी,
असे चढ रोज ऐकते.

दुरुस्ती: साडेचार हजार.
इथे ते खुर्चीत पुढे सरकले.
‘यात देगेफेचं सगळं आलं?’
कार्बुरेटर, क्लच,
पायाखालून रस्ता दिसायला लागला तेव्हा ठोकलेला पत्रा,
सगळं.
‘आणि कॉफी?’
देगेफे पाजतो ती कॉफी
कुणाच्या नावावर टाकू, अबाये?

उजवीकडे वीज, साडेतीन हजार.
कर्जाचा हप्ता, साडेएकोणतीस.
त्यांनी पान स्वतःकडे फिरवलं.
‘हातचे किती धरलेस?’
वरून खाली, मग खालून वर,
दोनदा ताळा केला.

उरतात पाचशे.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, पाचशे हजार?
नाही. पाचशे.
अबाये हसले नाहीत.
मी घाईने म्हटलं, पाचच वर्षं, मग कर्ज फिटतं.
‘तेव्हा मी त्रेसष्टचा. आणि तिची बॅटरी?’
आठ वर्षांची हमी.
‘म्हणजे सहासष्ट. मधली तीन वर्षं माझी.’
तीनच होती, तरी बोटांवर मोजली,
एक एक बोट दाबून,
बाजारात टोमॅटो दाबतात तशी.

मग मी माझं शेवटचं कलम काढलं: रांग.
पहाटे चारला पंपावर गाडी लावायची,
इंजिन बंद ठेवून खांद्याने पुढे ढकलायची,
अकराला आपला नंबर.
या तासांना काय दर लावू?
‘काही लावू नकोस. रांगेत मी झोपतो.
घरी तुझी आई घोरते.’
(आतून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज.)
‘आणि मुकीला काय रांग नाही?’
आहे. वीज गेली की पंपापेक्षा मोठी.
‘मग दोन्हीकडची उडवून टाक.’
मी उडवली.
पण सात तास असे खोडरबराने जात नाहीत,
कागद तिथे पातळ झाला.

लाडाचे चार लाख येतील असं धरलं होतं.
घेतली देगेफेनेच, सुट्या भागांसाठी,
तीन लाख ऐंशीला.
वीस हजार कमी.
म्हणजे पाचशेप्रमाणे चाळीस महिने,
हे मी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या काढलं
आणि बोलले नाही.
अबायेंनी घासाघीस केली नाही.
देगेफेने नोटा तीनदा मोजल्या,
सत्तावीस वर्षांचं गिऱ्हाईक
सुटं करून परत देत असल्यासारख्या.
मग कॉफी झाली. तिसरी वाटीही झाली.
नव्या गाडीचं बॉनेट उघडून
दोघे बराच वेळ आत बघत राहिले.
हात घालण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पुढे बसले होते.
शिरो मेदाला एक बाई चढली, मांडीवर कोबीची पोती,
बसल्याबरोबर म्हणाली, काच खाली करायचा दांडा द्या ना.
लाडाला चार खिडक्यांत मिळून तो एकच होता,
मागच्या हातातून पुढच्या हातात फिरायचा,
आणि रात्री अबायेंच्या खिशात घरी यायचा.

अबायेंनी एक हात चाकावर ठेवून
शर्टाच्या खिशातून तो काढला
आणि न बघता मागे दिला.

बाईने दार चाचपलं. भोक सापडेना.
बटण आहे तिथे, मी म्हटलं.
तिने बटण दाबलं, काच गेली खाली, आवाज नाही.
दांडा मात्र तिच्या मुठीत तसाच,
अरात किलोपर्यंत.
उतरताना भाड्याच्या पैशांबरोबर
तिने तो परत केला.
अबायेंनी आधी तो खिशात टाकला,
मग पैसे मोजले.