कडेकडेनं

काउंटीचा हुकूम होता: शुक्रवारच्या आत
रस्त्याची कड कापून काढायची, दोन्ही बाजू,
पुलापासून मेथडिस्टांच्या दफनभूमीपर्यंत.
ट्रॅक्टर लावला, पातं खाली सोडणार
तोच चरात कुणीतरी गुडघे टेकून बसलेलं दिसलं.

ऑर्फा बेलनॅप.
नववीत हिनंच मला जीवशास्त्रात नापास केलं होतं.
रास्तच होतं ते.

"रॉस्को ना? आवाजावरून कळलं, खोकतोस तसाच.
इंजिन बंद कर. हे पांढरं कोण आहे सांग."

पांढरं म्हणजे पांढरं.
ऑक्टोबरात आमच्या ओहायोत चराचरातून
हे असंच उतू जातं,
दूध चुलीवर ठेवून कुणी फोनवर बोलत बसावं तसं.
"अ‍ॅस्टर," मी म्हणालो.
"ते आडनाव झालं," ती म्हणाली. "मी नाव विचारलं."

मग ध्यानात आलं, तिला दिसत नाही.
म्हणजे दिसतं, पण मधलं नाही.
डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला ठिपका झिजलाय:
माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, टोपी दिसते,
चेहऱ्याच्या जागी धुरकट भोक.
फुलाचंही तेच.
भोवतीची पांढरी झालर दिसते,
आणि ओळख तर मध्ये बसलेली.

"मी विचारते. तू बघ. अंदाजपंचे सांगू नकोस."

देठ?
मी हातमोजा काढला. थोडी लव होती, तीही ओळीत.
"म्हणजे हिमाचं अ‍ॅस्टर नव्हे, ते अंगभर केसाळ."
पान?
लांबट. भाल्याच्या टोकासारखं.
"बदामी नाही ना? मग रानातलंही नव्हे.
उलटं कर. मधल्या शिरेवर काय आहे?"
होती. फक्त त्या एका शिरेवर बारीक लव,
मांजराच्या कानाच्या आत असते तशी.
बाकी पान कोरं.
ती गप्प झाली. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आता मधला भाग. रंग."

पिवळा, मी म्हणालो. मग म्हणालो, थांबा.
हा लाल आहे. द्राक्षाच्या दारूसारखा.
शेजारचा पिवळा. त्याखालचे तीन लाल.
दोन जाती एकात एक शिरल्यात बहुतेक.

वर्गात ती कधी हसल्याचं मला आठवत नाही.
चरात हसली.
"एकच झाड आहे, बाबा.
पिवळं आहे ते अजून वाट बघतंय.
लाल झालं, त्याचं काम उरकलं.
मधमाशीला लांबूनच कळतं
कुठलं दार उघडं, कुठलं लागलं.
कॅलिको अ‍ॅस्टर. लिही कुठेतरी, विसरशील."

कॅलिको. छापील सुती कापड.
आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या गोणीचे पडदे होते
ते असेच: पांढऱ्यावर लाल-पिवळे ठिपके.
चाळीस वर्षं मी या कडेला पातं फिरवतोय.
दर साली कापली असणार मी ही,
दर साली, वेळेवर.

"पाकळ्या किती?" जाता जाता मी विचारलं,
काहीतरी विचारायचं म्हणून.
"पाकळ्या म्हणू नकोस. ती एकेक अख्खं फूल आहे.
हेच चुकलं होतं तुझं, पेपरातही."

उठवायला हात दिला, तर तिनं मान
पार दफनभूमीकडे वळवली.
मला वाटलं, रागावली.
पण तशी कड्या नजरेनं, कोपऱ्यातून,
ती मलाच बघत होती,
जमेल तेवढं.

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं:
पुलाच्या पूर्वेला बारा पावलं काम बाकी.
चर ओला, यंत्र रुतेल.

तीन आठवडे पाऊस नव्हता.