नाळे

तीन रात्रींचं बुकिंग होतं.
आज एकेचाळिसावी.

वडगावात, मागाच्या खोलीत,
जिथं चार लूम चालायचे
आणि भिंतीला टेकलं तर पाठ बोलायची खट्याक-खट्याक.
लूम भंगारात गेले, फरशी आली, गिझर आला,
पुतण्यानं फोटो काढून मोबाईलवर चढवले.
खाली लिहिलं, घरगुती वातावरण.

त्या वातावरणात हेरवाडे आले.
नवरा, बायको, एक मुलगी, दोन बॅगा.
सासऱ्यांना मोठ्या इस्पितळात दाखवायचंय म्हणाले.
सासरे अजून आलेले नाहीत.

चौथ्या सकाळी मी निरोपाचा कुंदा दिला, पाव किलो.
त्यांनी तिथंच उघडून खाल्ला
आणि विचारलं, दूधवाला किती वाजता येतो?

मी म्हणते, खोली कधी सोडतासा?
ते म्हणतात, नाळे.
एरवी स्वच्छ मराठी बोलणारा माणूस,
एवढा एक शब्द कानडीत.
उद्या म्हटलं तर
त्यांनाच खोटं वाटत असेल.

मध्यंतरी एका वर्षी गल्लीत दारोदार
खडूनं लिहिलेलं असायचं, नाळे बा.
रात्री कोणी हाका मारत येतं म्हणे,
वाचतं, आणि उद्या येऊ म्हणून परत फिरतं.
दाराच्या आतच जे जेवून झोपलंय
त्याच्यासाठी कुठं काय लिहायचं, ते कोणी सांगितलं नाही.

शहापूरच्या ठाण्यात गेले.
अर्ज कानडीत पाहिजे. बाहेरच्या मल्लेशीनं लिहून दिला, चाळीस रुपये.
मी काय म्हटलंय ते मला अर्धंच कळलं.
साहेब म्हणाले, अक्का,
पाहुणे असतील तर तुमच्या घरातलं भांडण.
भाडेकरू असतील तर कोर्टाचं.
मधलं काय लिहू मी?

पण मला खुणा कळतात.
आधी दोरी येते.
मग खिळा, मग खिळ्याला कॅलेंडर.
मग एक पत्र येतं आपल्या पत्त्यावर त्यांच्या नावाचं,
त्यांनीच टाकलेलं.
परवा मोरीशेजारी कढीपत्ता लावला.
काकू, तुम्हालाही होईल की, म्हणाली बाई.

हे सगळं मला मामंजींनी शिकवलं.
शिकवलं नाही, मी बघितलं.

हे घर गौरव्वा मुनवळ्ळीचं.
मामंजी एक माग घेऊन आले, चार महिन्यांच्या बोलीवर.
पुढं भाडं कोर्टात भरायचे, अकरा रुपये,
पावत्या तारेत ओवलेल्या, देवाच्या फोटोमागं.
गौरव्वा महिन्याला यायची.
पायरीवर बसायची, स्वतःच्या घरात आत यायची नाही.
मी नवी सून, डोक्यावर पदर,
मामंजी आतून खूण करायचे
आणि मी सांगायची, ते घरात न्हाईत.
वर पाणी द्यायची. पाणी दिलं की
खोटं जरा कमी होतं असं वाटायचं.
शेवटी तिनं विकलं,
म्हैस येते तेवढ्या पैशात.
आम्ही पेढे वाटले.

काल मी दार वाजवलं.
बाईनं उघडलं. हे घरात नाहीत, म्हणाली.
मागं त्यांची चप्पल होती, आणि खोकला.
बसा की काकू, म्हणाली, आणि पाणी आणलं
माझ्याच भांड्यात,
ज्यावर माझं नाव कोरलंय, लग्नाची तारीख,
आणि मामंजींकडून भेट.

पायरी गार होती.
मी पाणी प्यायले सगळं.
भांडं उपडं ठेवलं,
गौरव्वा ठेवायची तसं, का ते अजून माहीत नाही.

घरी येऊन,
म्हणजे घराच्या उरलेल्या भागात येऊन,
वकिलांना फोन लावला.
कारकुनानं उचलला.
सगळं ऐकून घेतलं त्यानं, मधेच एकदा जांभई दिली,
आणि म्हणाला,
नाळे बर्री.