पूल कुणीकडे झुकतो

माझं काम खडूचं.
एन्कार्नासियोनच्या टोकाला, बसथांब्याच्या सावलीत
एक पाटी, एक स्टूल, पोटाला बांधलेली थैली
आणि दोनच आकडे : पेसो घेताना, पेसो देताना.
आमच्या बोलीचं नाव ग्वारानी, नोटेचंही तेच.
समोरचा माणूस नोट मोडतोय की शब्द,
लांबून कळत नाही.

त्या वर्षी पलीकडच्या सरकारनं पेसो खुंट्याला बांधला.
मार्चपासून मी खडू उचलला नाही.
आकड्यांवर धूळ बसली,
आठाच्या पोटातून मुंग्यांनी वाट काढली.
लोक विचारायचे, आज काय दर?
कालचाच, मी म्हणायचो.
खोटं नव्हतं ते.

पण खरं काय ते
न्या पोर्फिरियाच्या पिशवीला ठाऊक.
वीस वर्षं ती हा पूल ओलांडते आहे,
सकाळी पोसादासला, दुपारी परत.
मार्चमध्ये जाताना पिशवी रिकामी,
येताना पीठ, तेल, साबण, वर कांद्यांची माळ.
जूनमध्ये दोन्ही वेळा अर्धीमुर्धी.
ऑगस्टमध्ये जाताना गच्च भरलेली,
येताना घडी घालून काखेत.

मी म्हटलं, न्या, दर तर तोच आहे.
तिनं थंड तेरेरेचा एक घोट घेतला, नळी मला दिली.
म्हणाली, तुझा तोच.
पलीकडची तेलाची बाटली थोडीच तुझी पाटी वाचते?

माझी बहीण नेलिदा पलीकडे दिली.
तिचा नवरा एवारिस्तो पाईनच्या वखारीत करवतीवर.
फळी विकायची डॉलरमध्ये,
करवत चालवायची पेसोंत.
डॉलर तेवढाच, डॉलरचे पेसो तेवढेच,
डिझेल मात्र दर पंधरवड्याला वर,
पगार त्याच्या मागे धापा टाकत.
सप्टेंबरात रात्रपाळी गेली.
मग दिवसपाळीतले निम्मे.
एवारिस्तो घरी बसून दारं दुरुस्त करू लागला,
आधी स्वतःची, मग शेजाऱ्यांची,
मग न बिघडलेलीही.

इकडे आमची चांदी.
शनिवारी पलीकडच्या गाड्या झिजल्या टायरांवर यायच्या,
नव्या टायरांवर परतायच्या.
माझी लुसिला बुटांच्या दुकानात लागली,
पहिल्या पगारात तिनं माझ्यासाठी पंखा आणला.
त्याच्या वाऱ्यात बसून
मला एवारिस्तोची आठवण यायची
आणि मी पंख्याचा वेग कमी करायचो.
कशासाठी, कोण जाणे.

नोव्हेंबरात, एका शुक्रवारी रात्री, खुंटा उपटला.
सोमवारी दुपारपर्यंत मी एकोणीस वेळा आकडा पुसला.
बाहीला पांढरं, भुवईला पांढरं,
हातात खडू उरला नखाएवढा.
नेलिदाचा फोन आला. बोलली नाही,
फोन नुसता खिडकीबाहेर धरला.
करवतीचा आवाज.
मी म्हटलं, ऐकू येतंय.
लुसिला त्या आठवड्यात घरी आली
पगाराऐवजी बुटांचे तीन जोड घेऊन,
एकही आमच्या कुणाच्या मापाचा नाही.

आता पलीकडचं तेल रोज माझ्या पाटीमागे पळतंय.
एवारिस्तोचा मालक म्हणतो, नाताळपर्यंत आपण स्वस्त,
पुढचं कुणी पाहिलंय.
म्हणून तो दोन्ही पाळ्या चालवतो, रविवारीसुद्धा,
लाकूड ओलं असलं तरी.

गिऱ्हाईक येतं. काय दर?
मी पाटीकडे बोट करतो.
पण आधी पुलाकडे बघून घेतो,
जिथं उन्हात, परानाच्या तपकिरी पाण्यावरून
न्या पोर्फिरिया चालत येते आहे,
मध्येच थांबते,
आणि पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते.